दुष्काळातली पंगत

२०१३ च्या फेब्रुवारीत मी म्हसवडला होतो. माणगंगेचे पात्र इतके कोरडे की पोरे त्यात क्रिकेट खेळत होती. गावात माणदेशी फाउंडेशनने जनावरांसाठी छावणी उभी केली होती. माझे चुलते दोन गाई आणि एक खोंड घेऊन तिथे मुक्कामाला होते. संध्याकाळी त्यांना भाकरी पोचवायला मी जायचो. वाटेवरच्या चहाच्या टपरीत टीव्ही होता आणि त्या आठवड्यात त्यावर एकच लग्न दिसत होते. राज्यमंत्री भास्कर जाधव यांच्या मुलाच्या आणि मुलीच्या लग्नाचा चिपळूणचा सोहळा होता तो. रोषणाई, मंडप, पंगती. कुंभार्ली घाटापलीकडचे चिपळूण आम्हाला एरवी पावसाचे गाव म्हणून माहीत. चुलते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘किती माणूस जेवलं आसंल रं?’’ त्यात राग नव्हता. दिवसभर वैरणीच्या पेंढ्या मोजणाऱ्या माणसाने सवयीने विचारलेला प्रश्न होता तो.

पुढच्या दोन-तीन दिवसांत शरद पवारांनी त्या सोहळ्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. दूरचित्रवाणीवरची ती दृश्ये पाहून आपल्याला झोप लागली नाही, अशा आशयाचे ते बोलले. जाधवांनी माफी मागितली. छावणीत या बातमीला वेगळे वजन होते. पवार तेव्हा देशाचे कृषिमंत्री होतेच, शिवाय माढ्याचे, म्हणजे माण तालुक्याचेही खासदार होते. छावणीतल्या बहुतेकांचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही आणि त्याचे कारण आमच्या घरातच होते.

त्याच मे महिन्यात माझ्या चुलतबहिणीचे लग्न ठरले होते. चुलत्यांनी जाहीर करून टाकले की यंदा गावजेवण नाही. चार माणसांत अक्षता टाकायच्या आणि मोकळे व्हायचे. ही बातमी ऐकून गावातला आचारी घरी आला. उंबऱ्यातच बसून म्हणाला, ‘‘आण्णा, औंदा समद्यांनीच जेवणं बंद केली. तुमचं बराबर हाय. पर माझी चूल कशी पेटायची?’’ त्याच्यामागे मांडववाला होता, हलगीवाले होते, पत्रावळ्या लावणाऱ्या बाया होत्या. टंचाईत पंगत घालणे हा गुन्हा, आणि पंगत बंद करणे म्हणजे यांच्या पोटावर पाय. मग पुढाऱ्याने, सत्तेवरच्या माणसाने, अशा काळात मेजवानी द्यावी की नाही, याचे उत्तर नुसत्या ‘नाही’वर संपते का? हा प्रश्न घेऊन मी जुन्या कागदांकडे वळलो. शोध फार लांब जायला लागला नाही. सातारा जिल्ह्याच्या मातीतलीच माणसे त्यात सापडली.

सातारा आणि सांगलीच्या शिवेवरचा राजेवाडीचा तलाव आमच्या भागातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. इंग्रजी अमदानीत दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या हातून तो उभा राहिला. १८७६ साली दख्खनचा पाऊस गेला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, विजापूरकडचा कलादगी या जिल्ह्यांत खरीप बुडाला आणि रब्बीची आशाही मावळली. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, तलाव, खडी फोडणे. माणदेशातला पाऊस चांगल्या वर्षीही पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा त्या वर्षीच्या माणसांची कल्पना आम्हाला करावी लागत नाही.

नेमक्या त्याच हिवाळ्यात दिल्लीत दरबार भरला. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी ‘कैसर-इ-हिंद’ झाल्याची घोषणा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने केली. संस्थानिकांना निशाणे आणि सुवर्णपदके वाटली गेली. सुमारे ६८ हजार पाहुण्यांची आठवडाभर सरबराई झाल्याचे आकडे इतिहासाच्या पुस्तकांत येतात. लिटनच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. दरबाराची आखणी पाऊस जाण्याच्या आधीची होती. आमंत्रणे गेली होती, तंबूंची जागा ठरली होती. ‘‘आधीच ठरलं होतं’’ ही सबब आजही ऐकू येते आणि ती दर वेळी खोटी असतेच असे नाही. यजमान म्हणून लिटनला फार तर बेफिकीर म्हणता येईल.

पण लिटन नुसता यजमान नव्हता. दुष्काळग्रस्तांसाठी किती खर्च करायचा, हे ठरवणाराही तोच होता. मुंबई आणि मद्रासचे गव्हर्नर दरबारासाठी दिल्लीत जमले असतानाच तिथे दुष्काळी धोरणाची खलबते झाली. त्यानंतर लगेच सर रिचर्ड टेंपल याला खर्चाला आळा घालण्यासाठी दक्षिणेत पाठवण्यात आले. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात याच टेंपलने हात सैल सोडून माणसे जगवली होती आणि उधळेपणाबद्दल बोलणी खाल्ली होती. आता त्याने ती चूक ‘सुधारली’. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला साधारण एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर मजुरी आणली गेली. इतिहासात हिला ‘टेंपल वेज’ म्हणतात. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. त्यावर दिवसभर माती वाहायची आणि खडी फोडायची. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. दख्खनमधला हा जवळजवळ संपच होता.

दरबारावरचा माझा आक्षेप इथून सुरू होतो. तंबूंचा आणि मेजवानीचा खर्च वाचवून सगळा दख्खन जगला असता, असे मी म्हणणार नाही. १८७६ ते १८७८ या दुष्काळाने ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक बळी घेतले, असा नंतरच्या दुष्काळ आयोगाचा अंदाज आहे. दरबाराचा पैसा त्यापुढे थोडाच ठरला असता. पण ज्या हाताने मेजवानीचे ताट वाढले, त्याच हाताने मजुराच्या ताटातली भाकरी अर्धी केली. तिजोरी रिकामी असल्याचे एका दाराशी सांगायचे आणि दुसऱ्या दारातून पाहुण्यांना आत घ्यायचे, हे एकाच महिन्यात घडले.

या दरबारात साताऱ्याच्या गादीला स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. ते राज्य १८४८ मध्ये खालसा झाले होते. पण साताऱ्यात जन्मलेला एक वकील तिथे हजर होता. गणेश वासुदेव जोशी, लोकांचे ‘सार्वजनिक काका’. १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते प्राण. हिरे-मोत्यांनी झळकणाऱ्या त्या गर्दीत ते हाताने कातलेल्या सुताची पांढरीशुभ्र खादी घालून गेले आणि हिंदी लोकांना ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा, अशी मागणी करणारे मानपत्र त्यांनी सादर केले. इकडे पुण्यात त्यांची सभा दुष्काळाची गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडत होती आणि मजुरी कापण्याला विरोध करत होती. काकांनी दरबारावर बहिष्कार टाकला नाही, याचे मला आधी नवल वाटले होते. आता वाटत नाही. जिथे दुष्काळाचा विसर पडला होता, तिथे त्याची आठवण करून देणारा एक तरी पोशाख त्यांनी नेऊन उभा केला.

त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला दुसरी एक पंगत बसत होती. मे १८७७ मध्ये जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी तिथे अन्नछत्र चालवले. त्याचे नाव होते ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’. दिल्लीच्या दरबारावरही तेच नाव आणि धनकवडीच्या चुलीवरही तेच. हे नाव फुल्यांनी निष्ठेने दिले की हिशेबाने, यावर वाद घालता येईल. पण राणीच्या नावाने खरोखर कुणाला जेवायला बसवायचे, हे त्यांनी दाखवून दिले, याबद्दल वाद नाही.

फुल्यांचे मूळ गाव कटगुण. खटाव तालुक्यातले हे गाव माणला लागूनच आहे. म्हणून पुढची गोष्ट आमच्याकडे घरची म्हणून सांगितली जाते. २ मार्च १८८८ रोजी हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आणि त्या वेळी मुंबईच्या फौजेचा सेनापती. यजमान फुल्यांचे स्नेही, त्यामुळे फुल्यांना आमंत्रण होते. ते आले ते शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी घेऊन. झगमगत्या पाहुण्यांकडे बोट दाखवून त्यांनी राजपुत्राला सांगितले की ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. राणीची खरी प्रजा पाहायची तर खेड्यात जा, महारवाड्यात जा, आणि तिथल्या मुलांच्या शिक्षणाचे पाहा, असे आपल्या आईला सांगा.

१८८८ हे दुष्काळाचे साल नव्हते. मेजवानी खासगी होती, पैसा यजमानाचा होता, यजमान मित्र होता. तरीही फुले घोंगडी घेऊन गेले. म्हणजे त्यांचा आक्षेप जेवणाच्या खर्चापुरता नव्हता. राज्यकर्त्यासमोर कोणती माणसे आणली जातात आणि कोणती दाराबाहेर ठेवली जातात, हा त्यांचा मुद्दा होता. मेजवानी म्हणजे पाहुण्यांची यादी, आणि यादीत नसलेला माणूस राज्यकर्त्याला दिसत नाही. खर्चाबद्दल तर त्यांचे मत आधीपासूनच स्पष्ट होते. १८७३ मध्ये सुरू झालेली सत्यशोधक लग्नपद्धत कर्जाच्या आणि भटजीच्या ओझ्यातून कुणब्याला सोडवण्यासाठीच होती.

अशा वेळी कुणीच आठवण करून दिली नाही तर काय होते, हे पुण्याने नऊ वर्षांनी पाहिले. १८९७ साली दख्खनमध्ये दुष्काळ होता, पुण्यात प्लेगही होता, आणि घरोघरच्या झडत्यांनी लोक संतापलेले होते. अशात २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यात झाला. तिथून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. रँड पूर्वी साताऱ्यात सहायक कलेक्टर होता. त्या गोळीचे समर्थन करण्यासाठी हे लिहीत नाही. एवढेच म्हणतो की खादी आणि घोंगडी ज्या सभागृहात पोचत नाही, त्याच्या बाहेरच्या रस्त्यावर काय उभे असेल, हे यजमानाच्या हातात राहत नाही.

उलटे उदाहरणही माणदेशातच आहे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि त्यात स्वतःच्या खासगी खर्चालाही मर्यादा घालून घेतली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत त्याच काळातली. राजा राजाच राहिला, पण त्याचा खर्च आणि प्रजेचा खर्च एकाच वहीत आला. लिटनकडे नेमकी हीच एक वही नव्हती.

म्हणून माझे उत्तर असे. टंचाईत पुढाऱ्याने पाहुण्यांना जेवू घालूच नये, असा नियम मी करणार नाही. पण इतरांच्या ताटावर मर्यादा घालण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याला ती मर्यादा आपल्या मांडवालाही लागू करावी लागेल. टँकरच्या खेपा, छावणीतल्या जनावरामागे किती किलो चारा, हे जो ठरवतो, त्याच्या घरच्या पंगतीचा हिशेब लोक विचारणारच. माझे चुलते टपरीत बसून तेच करत होते. मंत्र्याने माफी मागितली, हे बरेच झाले. पण ती माफी खर्चाच्या दृश्याबद्दलची होती. छावणीतला माणूस त्या दृश्यात कुठेच नव्हता, याबद्दल कुणीच काही बोलले नाही.

चुलतबहिणीचे लग्न मे महिन्यात झाले. गावजेवण गावात झाले नाही. त्याच आचाऱ्याने छावणीच्या कडेला चूल मांडली आणि तिथे मुक्कामाला असलेल्या माणसांना लापशी, भात आणि आमटी वाढली. ताटे कमी होती, पंगती जास्त झाल्या. नवरदेवाकडचे दोन मानकरी न जेवता परत गेले आणि त्यांचा रुसवा पुढे दोन वर्षे टिकला. आचाऱ्याने ठरलेली मजुरी मोजून घेतली. रात्री चुलते दावणीपाशी बसून मला म्हणाले, ‘‘तीनशे सव्वीस.’’

कशाचा आकडा, हे मला विचारावे लागले नाही.