नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय? भारतात परीक्षा कोणती आणि तयारी कशी करायची?

कागल तालुक्यातलं मुरगूड हे वेदगंगेच्या काठचं गाव. इथं नगरपरिषद आहे, ग्रामीण रुग्णालय आहे आणि चारी बाजूंना उसाची शेती असलेली खेडी आहेत. अशा एखाद्या खेड्यात संध्याकाळी बाळाला धाप लागली किंवा उसात काम करताना कुणाला साप चावला, तर लगेच डॉक्टर भेटतीलच असं नाही. अनेकदा रुग्णाला सगळ्यात आधी पाहणारी व्यक्ती म्हणजे उपकेंद्रातली नर्स किंवा समुदाय आरोग्य अधिकारी.

बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या अनेक मुलामुलींना हीच जबाबदारी घ्यायची असते. मग इंटरनेटवर शोध सुरू होतो : 'नर्स प्रॅक्टिशनर परीक्षा'. समोर येते ती बहुतेक अमेरिकेतल्या परीक्षांची माहिती. भारतात नेमकं काय आहे, कोणता मार्ग कुणासाठी आणि अभ्यास कुठून सुरू करायचा, हे समजून घेऊया.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

रुग्णाला तपासणं, आजाराचं निदान करणं, चाचण्या सांगणं आणि ठरलेल्या मर्यादेत औषधं देणं, ही कामं करण्याचं जादा शिक्षण घेतलेली नर्स म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. या संकल्पनेची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामीण आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, हे त्यामागचं कारण होतं.

आज अमेरिकेत आधी नोंदणीकृत नर्स व्हावं लागतं, मग पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर प्रमाणपत्र परीक्षा. म्हणजे मुरगूडहून थेट ती परीक्षा देता येत नाही. तिकडचं शिक्षण पूर्ण केल्यावरच तिची पाळी येते.

भारतात अशी परीक्षा आहे का?

'नर्स प्रॅक्टिशनर' या नावाची, देशभर सगळ्यांना लागू असलेली एकच परवाना परीक्षा भारतात नाही. इथं तीन वेगवेगळे मार्ग आहेत.

पहिला, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. भारतीय परिचर्या परिषदेनं आखलेला हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आहे. त्यात वर्गातलं शिक्षण साधारण २० टक्के आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा ८० टक्के असते. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांसाठी हा मार्ग आहे.

दुसरा, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये प्रसूती सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार अनुभवी नर्सना १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणांची जबाबदारी त्यांच्याकडे द्यायची, अशी ही योजना आहे.

तिसरा, समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजेच सीएचओ. नावात 'नर्स प्रॅक्टिशनर' नसलं तरी गावपातळीवर त्या कामाच्या सगळ्यात जवळ जाणारं पद हेच. मुरगूड परिसरातल्या बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना घराजवळ राहून करता येईल असा मार्गही बहुतेक वेळा हाच असतो.

सीएचओ हे पद आलं कुठून?

२०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रांची घोषणा झाली. जुनी उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सुधारून तिथं जास्त सेवा द्यायच्या, असा त्याचा अर्थ. त्यातलं पहिलं केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधल्या जांगला इथं सुरू झालं. २०२३ मध्ये या केंद्रांचं नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं.

सपाट भागात ५,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा शासकीय निकष आहे. आरोग्यवर्धिनी झालेल्या अशा उपकेंद्राचं नेतृत्व सीएचओकडे असतं. सोबत एएनएम, आरोग्य सेवक आणि आशाताई असतात.

महाराष्ट्रात या पदावर बी.एस्सी. नर्सिंगबरोबर आयुर्वेद पदवीधरही घेतले गेले. नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानातून करार पद्धतीनं होते. पात्रता आणि परीक्षेचं स्वरूप जाहिरातीनुसार बदलू शकतं, त्यामुळे प्रत्येक वेळी मूळ जाहिरात वाचायलाच हवी.

या कामासाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार करण्यात आला. त्यात लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा असतात. पुढे हाच भाग बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमातही घेतला गेला. म्हणून तुमची पदवी जुन्या अभ्यासक्रमाची की नव्या, हे आधी तपासा. वेगळा प्रमाणपत्र कोर्स करावा लागेल की नाही, हे त्यावर ठरतं.

अभ्यासात काय काय येतं?

केंद्रात ज्या १२ प्रकारच्या सेवा द्यायच्या असतात, तोच अभ्यासाचा आराखडा समजा. गरोदरपण आणि बाळंतपण, नवजात व एक वर्षापर्यंतची बाळं, मुलं आणि किशोरवयीन, कुटुंब नियोजन, संसर्गजन्य आजार, साधे तात्पुरते आजार, असंसर्गजन्य आजार, डोळे-कान-नाक-घसा, तोंडाचं आरोग्य, वृद्ध आणि दुखणाईतांची काळजी, तातडीची सेवा आणि मानसिक आरोग्य, असे हे बारा विषय.

यात स्थानिक संदर्भ जोडला की अभ्यास सोपा होतो. मुरगूडपासून जवळ असलेलं निपाणी तंबाखूच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. तंबाखू आणि मिश्रीची सवय या पट्ट्यासाठी नवी नाही. त्यामुळे 'तोंडाच्या कर्करोगाची तपासणी' हा पुस्तकातला धडा इथं रोजचं काम ठरतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी व्हावी, तसंच महिलांची स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही तपासणी व्हावी, असं सरकारी कार्यक्रमात ठरलेलं आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं ही लक्षणं तोंडपाठ हवीत.

हे आकडे पक्के हवेत

- गरोदर महिलेचं हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय, ७ पेक्षा कमी असेल तर तीव्र रक्तक्षय.
- रक्तदाब १४०/९० किंवा जास्त असेल तर तो वाढलेला समजायचा. गरोदर महिलेच्या बाबतीत लघवीतली प्रथिनंही तपासायची.
- दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास.
- सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण.
- जुलाब झालेल्या मुलाला ओआरएससोबत झिंक १४ दिवस. सहा महिन्यांपर्यंत रोज १० मिलिग्रॅम, त्यानंतर २० मिलिग्रॅम.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी.

प्रश्न कसा सोडवायचा?

पाठांतर करूनही अनेकांचे गुण जातात ते प्रसंगावर आधारित प्रश्नांत. दोन उदाहरणं पाहूया.

आठ महिन्यांचं बाळ. तीन दिवस खोकला. श्वास मिनिटाला ५४. दूध पितंय, झटके नाहीत, उलटी होत नाही, हुशार आहे. इथं श्वास जलद आहे, पण धोक्याचं लक्षण नाही. म्हणजे न्यूमोनिया. ठरलेल्या पद्धतीनुसार प्रतिजैविक औषध, आईला घरच्या काळजीचा सल्ला आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासणी. आता यातली एकच गोष्ट बदला : बाळ दूध ओढतच नाही. उत्तर पूर्ण बदललं. आता पहिला डोस देऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

दुसरं उदाहरण. ३४ आठवड्यांची गरोदर महिला. रक्तदाब १५०/१००. डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधुक दिसतंय. पर्यायांत 'विश्रांती सांगून आठवड्यानं बोलावणे' दिलेलं असतं आणि ते सौम्य, बरं वाटतं. पण हे उत्तर चूक आहे. इथं झटके येण्याचा धोका असतो. तिला वाट न पाहता पाठवायचं.

दोन्ही प्रश्नांत परीक्षक एकच गोष्ट पाहतो : हा रुग्ण आपण सांभाळायचा की पाठवायचा? म्हणून प्रश्न वाचताना आधी धोक्याचं लक्षण शोधा, मग वय आणि आकडा पाहा आणि शेवटी पर्याय वाचा. सर्पदंशाच्या प्रश्नातही हेच. जखम कापणं, रक्त ओढणं, घट्ट दोरी बांधणं हे पर्याय कायम चुकीचे. चावलेला भाग हलू न देता लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोचवणं बरोबर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची लक्षणंही वेगवेगळी लक्षात ठेवा.

औषधं लिहून देण्याचा अधिकार मिळतो का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे स्वतंत्र दवाखाना टाकता येतो, असं नाही. सीएचओ ठरलेल्या औषधांच्या यादीतून आणि ठरलेल्या उपचार पद्धतीनुसार औषधं देतात. रक्तदाब, मधुमेहासारख्या आजारांत उपचार डॉक्टर सुरू करतात. त्यापुढे औषधं नियमित देणं आणि पाठपुरावा करणं हे केंद्राचं काम. अडलं तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये 'सामुदायिक आरोग्य प्रदात्या'ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. त्यातही स्वतंत्रपणे औषध लिहिण्याची मुभा फक्त प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेपुरती आहे. त्यामुळे 'हा कोर्स करा आणि डॉक्टरसारखी प्रॅक्टिस करा' असं कुणी सांगत असेल तर फी भरण्याआधी थांबा. कोर्सला परिषदेची किंवा विद्यापीठाची मान्यता आहे का आणि त्यावर परिषदेत नोंदणी होते का, हे दोन प्रश्न विचारा.

घरी राहून तयारी कशी करायची?

महागड्या क्लासशिवायही तयारी होऊ शकते. केंद्र सरकारची सीएचओंसाठीची प्रशिक्षण पुस्तिका हा मूळ स्रोत धरा. रोज एक सेवा, त्यातले आकडे आणि पाच प्रसंग, असं नियोजन ठेवलं तर दोन आठवड्यांत पहिली उजळणी होते. सराव प्रश्नपत्रिकेत चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहा आणि शेजारी 'का चुकलं' तेही लिहा : माहिती नव्हती, घाईत वाचलं की पाठवायचा रुग्ण ठेवून घेतला?

प्रात्यक्षिकासाठी हात चालायला हवा. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजणं, रक्तदाबाचा पट्टा नीट बांधणं, दंडाचा घेर मोजणं हे वाचून येत नाही. कामावर असाल तर वरिष्ठांच्या परवानगीनं रोज थोडा सराव करा.

शेवटी, रुग्ण पाठवायचा म्हणजे कुठं, हेही माहीत हवं. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून मुरगूडसारखं ग्रामीण रुग्णालय आणि गंभीर असेल तर कोल्हापूरचं सीपीआर, अशी ही साखळी आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८. पेपरात चुकलेल्या पर्यायाचा एक गुण जातो. उपकेंद्रात तोच पर्याय चुकला, तर या साखळीतला वेळ वाया जातो आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.