शेवटच्या दिवसाची परीक्षा पहिल्या पाच मिनिटांत

१४ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा आकाशातील विमानांशी असलेला रेडिओ संपर्क अचानक तुटला. राखीव यंत्रणा पुढे आली, पण तीही लगेच बंद पडली. संपर्क पूर्ववत होण्यास सुमारे तीन तास लागले. या काळात काही विमाने ठरलेल्या सुरक्षित अंतरापेक्षा एकमेकांजवळ आली. सुदैवाने टक्कर झाली नाही. चौकशीत ना घातपात आढळला, ना तुटलेली तार. संपर्कयंत्रणेच्या संगणकातील टायमरची मोजणी संपली होती, एवढेच.

तो टायमर ३२ बिटांचा होता आणि मिलिसेकंद मोजत होता. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ आकडे मावतात. म्हणजे ४९ दिवस आणि सुमारे १७ तास. ही मर्यादा ठाऊक होती. म्हणूनच दर ३० दिवसांनी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करण्याचा नियम होता. त्या खेपेस तो पाळायचा राहून गेला.

हा आकडा संगणकजगताला नवा नव्हता. १९९५ साली बाजारात आलेली विंडोज ९५ ही ऑपरेटिंग सिस्टीम सलग ४९.७ दिवस चालली की गोठू शकते, हे १९९९ मध्ये उघड झाले. दोष वेळ सांभाळणाऱ्या एका ड्रायव्हरमध्ये होता. जवळजवळ चार वर्षे तो दडून राहिला, कारण घरचा किंवा कचेरीचा संगणक इतके दिवस बंद न करता क्वचितच कोणी वापरत असे.

ड्रायव्हरमध्ये ही चूक कशी शिरते? डिस्क किंवा नेटवर्क कार्डाला आज्ञा दिल्यावर ड्रायव्हर उत्तराची वाट पाहतो आणि मुदत ठरवतो: आताची वेळ अधिक पाच सेकंद. मोजणी अखेरच्या टोकाशी आलेली असेल तर ही बेरीज मर्यादा ओलांडून पुन्हा शून्याजवळ येते. मग ‘आता’चा आकडा मुदतीपेक्षा मोठा दिसतो आणि धडधाकट उपकरणही क्षणात निकामी ठरवले जाते. उलटही घडते: मुदत टोकाच्या अलीकडे असते, मोजणी तिला ओलांडून शून्यावर जाते आणि ड्रायव्हर अनेक दिवस वाट पाहत बसतो.

घड्याळाकडे पाहिले तर उपाय कळतो. अकरानंतर दोन तासांनी एक वाजतो. एक हा आकडा अकरापेक्षा लहान असला तरी वेळ पुढचीच असते. म्हणून दोन वेळांतील मोठा आकडा कोणता हे न पाहता त्यांची वजाबाकी करून फरकाचे चिन्ह पाहावे लागते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, यासाठी तयार सूत्रे दिलेली आहेत.

पण हजारो ड्रायव्हर लिहिणाऱ्या असंख्य लोकांनी ती सूत्रे वापरली की नाही, हे कळणार कसे? लिनक्समधील मोजणीला ‘जिफीज’ म्हणतात. पूर्वी सामान्य पीसीवर ती सेकंदाला १०० ठोक्यांनी वाढे आणि ४९७ दिवसांनी शून्यावर येई. एवढा काळ थांबून चाचणी घेणे अशक्यच होते. तेव्हा कर्नलच्या विकासकांनी मोजणीचा आरंभबिंदूच हलवला. जिफीज शून्यापासून सुरू न करता मर्यादेच्या ३०० सेकंद अलीकडून सुरू करण्यात आली. त्यामुळे संगणक सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत मोजणी टोक ओलांडते. चुकीचा ड्रायव्हर मग दीड वर्षाने एखाद्या रुग्णालयात वा बँकेत नव्हे, तर तो लिहिणाऱ्याच्या टेबलावरच अडखळतो. या बदलासाठी नवे यंत्र लागले नाही. एक ओळ पुरली.

चाचणीचे महत्त्व २०१५ मध्ये पुन्हा दिसले. बोइंग ७८७ विमानांतील विद्युतजनित्रांचे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिल्यास चारही एकाच वेळी बंद पडू शकतात, असे प्रयोगशाळेतील चाचणीत आढळले. ३२ बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी राखून शतांश सेकंद मोजले, तर नेमके इतकेच दिवस पुरतात. दोष जमिनीवर सापडला. तोवर ‘विमान ठरावीक काळाने पूर्ण बंद करा’ असा आदेश निघाला. तेव्हा एअर इंडियाच्या ताफ्यातही ७८७ विमाने होती.

सी-डॅकची ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधील ‘परम’ संगणक लिनक्सवरच चालतात. त्यामुळे ३०० सेकंदांची ती ओळ भारताच्याही वाट्याला आली आहे. ६४ बिटांच्या यंत्रांत मोजणी संपण्याची भीती उरलेली नाही. मात्र मीटर, वैद्यकीय उपकरणे, वाहने यांतील लहान नियंत्रकांत ३२ बिटांचे टायमर आजही आहेत. लॉस एंजेलिसमध्ये मर्यादा माहीत असूनही तिची राखण माणसाच्या स्मरणावर सोपवली गेली. लिनक्समध्ये ती प्रत्येक वेळी यंत्राकडूनच तपासून घेतली जाते. टायमरची पडताळणी म्हणजे काय, याचे उत्तर या दोन पद्धतींमधील फरकात आहे.