ट्रान्सफॉर्मर, घरगुती ॲम्प्लिफायरचा

घरी जोडलेल्या ऑडिओ ॲम्प्लिफायरसाठी 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा पुरवठा हव्या त्या दाबाला उतरवणारा आणि जोडणीला घरच्या लाइनपासून अलग ठेवणारा घटक. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे तो 12-0-12, 18-0-18, 25-0-25 अशा आकड्यांनी मागितला जातो. मधले शून्य म्हणजे सेकंडरीच्या मध्यातून काढलेली तार, सेंटर टॅप. तिला ग्राउंड मानून ब्रिज रेक्टिफायर लावला की धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे एकाच ट्रान्सफॉर्मरमधून मिळतात.

दाब : दुकानात बहुधा आधी अँपिअर विचारले जातात; वास्तविक आधी ठरवायचा तो दाब. 8 ओहमच्या स्पीकरला 50 वॅट द्यायचे असतील, तर त्याच्या टोकांवर सुमारे 28 व्होल्टचे शिखर यावे लागते. आउटपुट ट्रान्झिस्टरांत खर्च होणारे 3-4 व्होल्ट आणि भाराखाली फिल्टर कपॅसिटरवर पडणारी घट धरली, की प्रत्येक बाजूला 35 व्होल्ट डी.सी. हवेत. त्यात डायोडमधला सुमारे 1 व्होल्ट मिळवून 1.414 ने भागले, तर 25-0-25 हे उत्तर येते.

हिशेब येथेच थांबवला, तर तो अपुरा राहतो. ट्रान्सफॉर्मरवर छापलेला दाब पूर्ण भारावरचा असतो. 70-100 व्हीएच्या साध्या ट्रान्सफॉर्मरचा दाब भार नसताना दहा टक्क्यांच्या आसपास वर जातो आणि छोट्यांचा त्याहून बराच अधिक. रात्री लाइन 250 व्होल्टपर्यंत चढत असेल, तर त्यात आणखी भर पडते. टीडीए 2030 या लोकप्रिय आय.सी.ची कमाल मर्यादा ±18 व्होल्ट आहे. तिला 12-0-12 लावल्यास कागदावर ±16 येतात; मात्र आवाज बंद असताना तेच ±18 होतात आणि चढ्या लाइनवर ±20 च्या जवळ पोहोचतात. म्हणून या आय.सी.ला 9-0-9 योग्य. 12-0-12 वापरायचाच असेल, तर ±22 व्होल्ट सोसणारी टीडीए 2030ए घ्यावी. एलएम 3886 ला सिग्नल असताना दोन्ही बाजू मिळून 84 व्होल्ट चालतात, त्यामुळे तिच्याबाबत 25-0-25 पर्यंत चिंता नसते.

क्षमता : वरील 50 वॅटचे एक चॅनेल सतत साइन तरंगावर सुमारे 79 वॅट डी.सी. घेते. कपॅसिटर प्रत्येक अर्धतरंगाच्या शिखराजवळ तेवढेच भरून घेतात. प्रवाह असा तुटक झटक्यांनी वाहत असल्याने सेकंडरीतला आरएमएस प्रवाह डी.सी.च्या 1.6 ते 1.8 पट भरतो. 5 अँपिअर छापलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून सलग 3 अँपिअर डी.सी.च घ्यावे, हा नियम त्यातूनच येतो. या मोजणीने दोन चॅनेलना 190 व्हीएच्या आसपास क्षमता लागते. संगीताची सरासरी पातळी शिखरापेक्षा बरीच खाली असल्याने काही जण 150 व्हीए पुरेसे मानतात, तर काही 300 व्हीए सुचवतात. घरातल्या ऐकण्याला पहिला आकडा सहसा पुरतो.

गाभा व तार : ईआय पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर स्वस्त असतो आणि वाइंडिंग करणारा कारागीर हव्या त्या दाबाचा गुंडाळूनही देतो. 50 हर्ट्झला गाभ्यात 1 टेस्ला चुंबकीय घनता धरली, तर दर व्होल्टमागील वेढे म्हणजे 45 भागिले गाभ्याचा छेद (चौ. सेंमी.). तार वाचवण्यासाठी वेढे फार कमी केले, की चढ्या लाइनवर गाभा संतृप्त होतो. असा ट्रान्सफॉर्मर भार नसतानाही तापतो आणि गुणगुणतो. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरलेला नग हाताला हलका लागतो. त्याच जाडीला तिचा रोध सुमारे 1.6 पट असल्याने भाराखाली दाब जास्त पडतो.

टोरॉइडल प्रकाराचे बाहेर सांडणारे चुंबकीय क्षेत्र कमी असते. मात्र स्विच टाकताना तो मोठा प्रवाह ओढतो, म्हणून प्रायमरीला स्लो-ब्लो फ्यूज लागतो. असा ट्रान्सफॉर्मर बसवताना मधल्या बोल्टची दोन्ही टोके धातूच्या पेटीला टेकू देऊ नयेत. बोल्ट आणि पेटी मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

गुणगुण : 100 हर्ट्झची गुणगुण बहुधा फिल्टरमधील रिपल किंवा ग्राउंडच्या चुकीच्या जोडणीतून येते. 50 हर्ट्झची असेल, तर प्रीॲम्प ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्यावा किंवा ईआय ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी वळवून पाहावा.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : उच्च दाबाची सेकंडरी आणि फिलामेंटसाठी बहुधा 6.3 व्होल्टची वेगळी वाइंडिंग लागते.

चाचणी : नवा ट्रान्सफॉर्मर प्रथम 60 वॅटच्या साध्या बल्बबरोबर सिरीजमध्ये लावतात. सेकंडरी मोकळी असताना बल्ब भगभगीत पेटला, तर आत वेढे शॉर्ट आहेत. मोठ्या टोरॉइडला क्षणभर चमक दिसून बल्ब विझणे साहजिक आहे. त्यानंतर बल्ब काढून मोकळ्या सेकंडरीचा दाब मोजावा आणि प्रत्येक बाजूच्या दाबाला 1.414 ने गुणून येणारा आकडा आय.सी.च्या मर्यादेशी ताडून पाहावा.