आली देवू, राहिली ह्युंदाई

१९९८ साल म्हटलं की कोकणातल्या माणसाला कोकण रेल्वे आठवते. २६ जानेवारी १९९८ रोजी तिचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि मुंबई जवळ आली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र आपलं फारसं लक्ष गेलं नाही. कोरियातल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या छोट्या मोटारगाड्या भारताच्या बाजारात उतरण्याच्या तयारीत होत्या. ह्युंदाईची सँट्रो सप्टेंबर १९९८ मध्ये आली. त्याच सुमारास देवूची मॅटिझही आली. दोन्ही गाड्या लहान, दोन्ही मध्यमवर्गीय घराला कर्ज काढून का होईना, पण झेपणाऱ्या. पुढे मात्र एक कंपनी इथे रुजली आणि दुसरी बुडाली. असं का झालं, आणि ज्यांनी पै-पै साठवून त्या गाड्या घेतल्या त्यांच्या वाट्याला काय आलं, याविषयी आज बोलायचं आहे.

मी जामसंड्याचा. देवगडला लागून असलेलं हे गाव. मुंबई-गोवा महामार्गावरच्या नांदगाव तिठ्यावरून आत वळलं की समुद्राच्या दिशेनं जो रस्ता येतो, त्या रस्त्यावरचं. गाडीकडे पाहण्याची आमची नजर शहरातल्या माणसाहून थोडी वेगळी असते. शहरात गाडी बंद पडली तर माणूस रिक्षा करतो. आमच्याकडे गाडी बंद पडली तर पहिला प्रश्न येतो की न्यायची कुठे? कणकवलीला. तिथेही नाही जमलं तर करूळ घाट चढून कोल्हापूरला. म्हणून गाडीची किंमत दुकानातल्या पाटीवर लिहिलेली असते त्यापेक्षा बरीच मोठी असते, हे रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्याला लवकर कळतं.

आधी या दोन कंपन्यांची कुळकथा पाहू. दोन्हींच्या इतिहासात १९६७ हे साल आहे. त्या वर्षी ह्युंदाईनं मोटार कंपनी काढली आणि त्याच वर्षी देवूची स्थापना झाली. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग हे शेतकऱ्याचे पुत्र. घरातून पळून जाऊन सोलमध्ये आले, तांदळाच्या दुकानात काम केलं, आणि १९४० मध्ये त्यांनी मोटारदुरुस्तीचं एक गॅरेज घेतलं. म्हणजे पुढे जगभर गाड्या विकणाऱ्या या माणसाचे हात आधी दुसऱ्यांच्या बिघडलेल्या गाड्यांनी काळे झाले होते. देवूचे किम वू-चूंग हे मूळचे व्यापारी. कापड निर्यात करत करत त्यांनी जहाजं, टीव्ही, बांधकाम, मोटारी अशा अनेक धंद्यांत उडी घेतली. तोट्यातले कारखाने घ्यायचे, कर्ज काढायचं, विस्तार करायचा आणि त्या विस्ताराच्या जोरावर पुन्हा कर्ज काढायचं, ही त्यांची रीत. पोलंड, रुमानिया, उझबेकिस्तान अशा देशांत त्यांनी मोटारींचे कारखाने घेतले किंवा उभारले.

भारतातही दोघे आपापल्या स्वभावाप्रमाणेच आले. दिल्लीजवळ सूरजपूरला डीसीएम-टोयोटाचा हलके ट्रक बनवणारा कारखाना होता. देवूनं १९९४ च्या सुमारास त्याचा ताबा घेतला आणि १९९५ मध्ये सिएलो नावाची ऐटबाज गाडी आणली. ह्युंदाईनं १९९६ मध्ये स्वतःची पूर्ण मालकीची कंपनी स्थापन केली, चेन्नईजवळ कोऱ्या जागेवर कारखाना बांधला आणि सुटे भाग पुरवणारे आपले कोरियन पुरवठादारही सोबत आणून शेजारी बसवले. ही दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचं महत्त्व कळेल.

गाड्या म्हणून पाहिलं तर मॅटिझ कुठेही कमी नव्हती. तिचं रूप इटलीच्या जुजारो यांच्या इटालडिझाइन संस्थेनं घडवलेलं. गोल डोळ्यांची, हसऱ्या चेहऱ्याची ती गाडी मुलांना फार आवडायची. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. मारुती ८०० चंही तेवढंच, आणि तो निव्वळ योगायोग नव्हता. देवूची आधीची छोटी गाडी टिको ही मुळात सुझुकीच्या अल्टोवरूनच बेतलेली होती. सँट्रोच्या उंच, डब्यासारख्या आकाराला सुरुवातीला लोक हसले. पण त्या उंचीचा उपयोग आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा कळला. गुडघे दुखणाऱ्या आजीला खाली वाकून गाडीत शिरावं लागत नव्हतं. ती खुर्चीवर बसावं तशी बसायची. मॅटिझच्या डिकीत हापूसच्या पेट्या फार मावत नसत, पण देवगडच्या बाजारातल्या गर्दीतून ती सुळकन निघायची.

दोन्ही गाड्यांत एक नवं तंत्र होतं. पूर्वीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. तो खोलून, फुंकर मारून, स्क्रू थोडा फिरवून गावातला मिस्त्री गाडी चालू करून द्यायचा. या कोरियन गाड्यांत पेट्रोलचं माप ठरवण्याचं काम एका छोट्या संगणकाकडे होतं. प्रत्येक सिलिंडरला वेगळा फवारा, त्यामुळे धूर कमी आणि सकाळी गाडी एका किल्लीत चालू. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी प्रदूषणाचे युरो निकष लवकर लागू करायला लावले, तेव्हा ही तयारी कामी आली. पुढे सगळ्याच कंपन्यांना त्या वाटेनं जावं लागलं.

मात्र त्या छोट्या संगणकानं गावातल्या मिस्त्रीच्या हातातली फुंकर काढून घेतली. बिघाड कुठे आहे हे आता यंत्र लावून पाहावं लागे, आणि ते यंत्र कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. त्यात आमची हवा. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बारा महिने समुद्राचा खारा वारा असतो. खाऱ्या ओलाव्यात लोखंड लवकर गंजतं. गाडीचा तळ, सायलेन्सर, दाराच्या खालच्या कडा आधी जातात. वायरींच्या जोडांवर हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं आणि चांगला भागही बिघडल्यासारखा वागतो. इथली जुनी माणसं दिवाळीनंतर गाडी वर उचलून तळ गोड्या पाण्यानं धुवून घेतात आणि त्यावर गंजरोधक लेप मारून घेतात. ते उगाच नव्हे.

एका मिस्त्रीचं वाक्य माझ्या कायम लक्षात राहिलं आहे. नवी गाडी घेण्याविषयी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “गाडी काय ओ, खय पण गावात. पार्ट खय गावतलो, ता आधी बघा.” आंब्याच्या ऐन हंगामात आमच्या घरच्या गाडीच्या टाकीतला पेट्रोलचा पंप गेला आणि तो मिळेपर्यंत अकरा दिवस गाडी आवारात उभी राहिली, तेव्हा या वाक्याचा अर्थ मला पुरता कळला. गाडी कुठल्या कंपनीची होती हे सांगण्यात हशील नाही. पंप छोटा होता आणि बाकी गाडी ठणठणीत होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता पुन्हा कोरियाकडे वळू. १९९७ च्या शेवटी आशियातल्या आर्थिक संकटानं त्या देशाला गाठलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकारानं पाच हजार कोटी डॉलरहून अधिक मदत उभी करावी लागली. १९९८ च्या सुरुवातीला सामान्य कोरियन माणसांनी रांगा लावून लग्नातल्या अंगठ्या, मुलांच्या बारशाचं सोनं देशासाठी काढून दिलं. सव्वादोनशे टनांच्या आसपास सोनं जमलं. इतर उद्योगसमूह धंदे विकून कर्ज कमी करत होते, तेव्हा देवू मात्र विस्तारच करत राहिला. १९९९ मध्ये तो कोसळला. कर्ज साडेसात ते आठ हजार कोटी डॉलरच्या घरात. किम वू-चूंग देश सोडून गेले. २००५ मध्ये परतल्यावर त्यांना अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली. देवू मोटर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. २००२ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं तिचे निवडक कारखाने घेतले, पण सूरजपूरचा कारखाना त्या सौद्यात नव्हता.

त्या एका ओळीत भारतातल्या हजारो मॅटिझ आणि सिएलो मालकांचं भवितव्य ठरलं. सूरजपूरचं उत्पादन थांबलं, विक्रेते दुसऱ्या कंपन्यांकडे गेले, वर्कशॉपच्या पाट्या उतरल्या. चांगल्या चालणाऱ्या गाडीची बाजारातली किंमत एका बातमीनं खाली आली. काही मालकांनी गाडी मिळेल त्या किमतीला काढली. काहींनी दिल्लीच्या काश्मिरी गेटसारख्या सुट्या भागांच्या बाजारातून वस्तू मिळवत ती जिवापाड सांभाळली. उझबेकिस्तानात मात्र मॅटिझ पुढे बरीच वर्षं बनत राहिली. गाडीत खोट नव्हती, मागे उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं. देवूचा ट्रकचा धंदा तेवढा एका मराठी मुलखातल्या कंपनीच्या हाती आला. मुंबईच्या टाटा मोटर्सनं कोरियातला गुनसानचा कारखाना २००४ मध्ये १० कोटी २० लाख डॉलरना घेतला.

याच काळात ह्युंदाई काय करत होती? १९८६ मध्ये अमेरिकेत तिची एक्सेल गाडी स्वस्त म्हणून धडाक्यानं खपली होती आणि थोड्याच दिवसांत कच्ची म्हणून थट्टेचा विषय झाली होती. त्यावर कंपनीनं १९९८ च्या अखेरीस एक धाडस केलं. अमेरिकेत इंजिन आणि गिअरबॉक्सला दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची हमी दिली. एवढी लांब हमी द्यायची म्हणजे आधी गाडी तेवढी टिकाऊ बनवावी लागते आणि दहा वर्षं दारात उभं राहावं लागतं. भारतात तेवढी हमी नव्हती, पण सुटे भाग इथेच शेजारी बनत होते आणि वर्कशॉप हळूहळू तालुक्यांच्या दिशेनं सरकत होती. सँट्रो २०१४ च्या अखेरीस थांबली, २०१८ मध्ये नव्या रूपात आली आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद झाली. तरी जुन्या सँट्रोवाल्याला कुणी बेवारस म्हटलं नाही, कारण कंपनी जागेवर होती.

या गोष्टीचा शेवटचा भाग आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ तळेगावला घडला. जनरल मोटर्सनं देवूची मॅटिझ नव्या अवतारात शेव्हरोले स्पार्क या नावानं २००७ मध्ये भारतात आणली आणि २००८ पासून तळेगावच्या नव्या कारखान्यात ती बनू लागली. २०१० मध्ये आलेली बीट गाडीही कोरियातल्या देवूच्याच घराण्यातली. तिकडे ती आधी मॅटिझ क्रिएटिव्ह म्हणूनच विकली गेली. म्हणजे सूरजपूरला संपलेली मॅटिझ दुसरं नाव घेऊन सह्याद्रीच्या पायथ्याशी पुन्हा जन्मली होती. पण २०१७ मध्ये जनरल मोटर्सनंही भारतातली विक्री थांबवली. निर्यातीसाठी कारखाना चालला, तोही डिसेंबर २०२० मध्ये थांबला. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी झालेला सौदा मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. एक हजारावर कामगार नोकरीसाठी आणि भरपाईसाठी झगडत राहिले. अखेर २०२३ मध्ये हा कारखाना घेण्याचा करार केला तो ह्युंदाईनं, आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या दोन स्पर्धकांपैकी एकाची वंशावळ जिथे संपली, त्याच जमिनीवर आज दुसरा उभा आहे.

यातून आपण काय घ्यायचं? कोरियन गाडी चांगली की जपानी, की देशी, हा वाद करण्यात अर्थ नाही. स्वस्त गाडी हा दहा-पंधरा वर्षांचा वायदा असतो. पैसे आपण पहिल्या दिवशी मोजतो आणि कंपनीनं आपला शब्द मात्र रोज पाळायचा असतो. कायद्यालाही हे हळूहळू उमगलं. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण गावातल्या मिस्त्रीलाही भाग आणि माहिती मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यात पहिल्यांदा ठळकपणे मांडलं गेलं. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावानं जे संकेतस्थळ सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

म्हणून यंदा गणपतीत किंवा आंब्याचे पैसे हातात आल्यावर कुणी गाडी घ्यायला निघाला, तर त्यानं तीन चौकश्या जरूर कराव्यात. आपल्या घरापासून अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे, नेहमी लागणारे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात का, आणि पाच वर्षांची जुनी तीच गाडी बाजारात कितीला जाते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत खरं असतं. कंपनी टिकेल की नाही हे आपल्याला सांगता येत नाही, पण तिच्यावर लोकांचा किती भरवसा आहे, ते त्या आकड्यात कळतं.