मेसरश्मिट, फ्रान्झ झेव्हर
(६ फेब्रुवारी १७३६–१९ ऑगस्ट १७८३). मुखमुद्रांच्या शिल्पमालिकेसाठी प्रसिद्ध असलेला जर्मन-ऑस्ट्रियन शिल्पकार. जन्म नैर्ऋत्य जर्मनीतील वीझेनश्टाइग येथे. म्यूनिक व ग्रात्स येथे शिल्पकार मामांच्या हाताखाली उमेदवारी केल्यावर १७५५ मध्ये तो व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला. सम्राज्ञी मारिया टेरीझा हिच्या शिल्पांमुळे त्याला दरबारी प्रतिष्ठा लाभली. १७६५ मध्ये त्याने रोमला जाऊन प्राचीन शिल्पांचा अभ्यास केला. १७६९ पासून तो अकादमीत अध्यापन करू लागला.

१७७० च्या सुमारास त्याने शिरोशिल्पांच्या मालिकेस प्रारंभ केला. १७७४ मध्ये अकादमीतील प्राध्यापकपद रिक्त झाले. तथापि त्याच्या मनःस्थितीविषयीच्या शंकेमुळे ते त्यास नाकारण्यात आले. देऊ केलेले निवृत्तिवेतनही त्याने स्वीकारले नाही. १७७७ मध्ये तो प्रेसबर्ग (सध्याचे ब्रातिस्लाव्हा) येथे भावाकडे गेला व अखेरपर्यंत तेथेच राहिला.

कथिल व शिसे यांच्या मिश्रधातूत, तसेच ॲलॅबॅस्टरमध्ये घडविलेली ही शिल्पे साधारण मानवी आकाराची आहेत. आवळलेले ओठ, घट्ट मिटलेले डोळे, ताणलेल्या शिरा आणि कपाळावरील आठ्या त्यांत विलक्षण काटेकोरपणे दाखविल्या आहेत. १७८१ मध्ये फ्रीड्रिख निकोलाय हा जर्मन लेखक त्यास भेटला. त्याच्या वृत्तांतानुसार मेसरश्मिट स्वतःच्या बरगडीस चिमटा घेऊन आरशात मुद्रा न्याहाळी. मुद्रांचे चौसष्ट प्रकार असून त्यांवर प्रभुत्व मिळविल्यास आपणास छळणारी ‘प्रमाणाची देवता’ वश होईल, अशी त्याची श्रद्धा होती.

शिल्पांना आज रूढ असलेली नावे त्याची नव्हेत. ती त्याच्या मृत्यूनंतर, १७९३ मधील व्हिएन्ना येथील प्रदर्शनाच्या वेळी देण्यात आली. त्यांमुळे प्रेक्षकांची पुष्कळदा दिशाभूल होते. ‘जांभई देणारा’ या शिल्पातील मिटलेले डोळे व आत ओढलेली जीभ वेदनेचाही प्रत्यय देतात.

१९३२ मध्ये कलेतिहासकार व मनोविश्लेषक अर्न्स्ट क्रिस याने या शिल्पांचा संबंध मनोविकृतीशी जोडला. मात्र केवळ रोगलक्षणे म्हणून त्यांकडे पाहणे एकांगी ठरते. मालिकेची शिस्त, मुद्रांची पद्धतशीर मांडणी व धातुकामावरील प्रभुत्व यांतून जाणीवपूर्वक केलेला अभ्यास स्पष्ट दिसतो. मनाचा क्षोभ लपविण्याऐवजी त्यालाच शिल्पविषय करणे, हे या कलावंताचे वेगळेपण होय. व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयात त्याच्या शिरोशिल्पांचा महत्त्वाचा संग्रह आहे.