'निओलोगी': नवा शब्द की नवे मत?

ग्रीक 'लोगोस' या पदाचा अर्थ शब्द, तसाच विचार आणि प्रतिपादनही. योहानाच्या शुभवर्तमानात तर ते ख्रिस्ताला उद्देशून येते. त्याला 'नव' या अर्थाचे पद जोडून अठराव्या शतकात रूढ झालेल्या संज्ञेने नवशब्दनिर्मिती आणि धर्ममताची नवी मांडणी हे दोन्ही अर्थ धारण करावेत, यात नवल नाही. कोशकार हे अर्थ क्रमांक घालून वेगळे ठेवतात. इतिहासात ते इतके वेगळे राहिले नाहीत.

फ्रान्समधील वाद मुख्यतः अभिरुचीचा होता. देफोंतेनने १७२६ साली काढलेला 'नवशब्दकोश' ही फोंतनेल, ला मोत प्रभृतींच्या लेखनाची टवाळी होती. मेर्सिएने १८०१ मध्ये, क्रांतीनंतर, तीच संज्ञा गौरवार्थी वापरली.

जर्मनीत मात्र गुंता होतो. १७४८ या एकाच वर्षी क्लोपश्टोकच्या 'मेसियास'चे पहिले तीन सर्ग आणि श्पाल्डिंगचे मानवाच्या नियत कार्याविषयीचे चिंतन प्रसिद्ध झाले. क्लोपश्टोकची श्रद्धा जुनी, शब्द नवे. म्हणून १७५४ मध्ये श्योनाइखने 'निओलोगी'चाच कोश रचून त्याची खिल्ली उडवली. श्पाल्डिंग, येरुझालेम, झेमलर, टेलर या धर्मशास्त्रज्ञांना विरोधकांनी 'निओलोग' म्हटले ते नेमके उलट कारणासाठी. त्यांनी प्रकटीकरण नाकारले नाही; मूळ पापासारखे सिद्धान्त बाजूस सारले आणि जुन्या शब्दांत विवेकाला पटेल असा आशय भरला. टेलरचा १७७२ चा ग्रंथ 'नव्या कराराचा शब्दकोश' असावा, हे सूचक आहे. मतांतर कोशाच्या रूपाने आले!

असे मतांतर पकडावयाचे कसे? शब्द तर तेच असतात. प्रशियाच्या मंत्री व्योल्नरने १७८८ च्या धर्मविषयक आज्ञापत्रात धर्मोपदेशकांना खाजगी मताची मोकळीक ठेवली. व्यासपीठावरून मात्र संप्रदायाच्या मान्य सिद्धान्तांपासून ढळण्यास मनाई केली. सत्तेला भय होते ते उच्चारलेल्या शब्दाचे. श्पाल्डिंगने प्रवचनकार्य सोडले. त्याच्या या मौनाचा उल्लेख भाषाविषयक इतिहासांत सहसा होत नाही, ही मला त्या इतिहासांची उणीव वाटते.

मराठीत असा दुहेरी भार 'शुद्धी' या शब्दाने वाहिला, आणि तोही निंदेने नव्हे, अभिमानाने. रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४-३७) सावरकरांनी धर्मातील शुद्धी आणि भाषाशुद्धी या दोन्ही चळवळी चालविल्या. एकीत बाहेर गेलेल्या माणसांना आत घ्यावयाचे होते, दुसरीत आत आलेल्या शब्दांना बाहेर घालवावयाचे होते. ही विसंगती पुरेशी चर्चिली गेलेली नाही. 'दिनांक', 'महापौर' हे नवे शब्द संस्कृत घडणीमुळे जुने भासतात. शुद्धीच्या समर्थकांनीही देवलस्मृतीचा आधार घेतला. नावीन्यावर येथे प्राचीनतेचे पांघरूण होते. निओलोगांनी हेच केले होते. फक्त त्यांच्या शत्रूंनी ते पांघरूण ओढून काढले. आणि या शुद्धीचा शास्त्रार्थ 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) या ग्रंथात मांडला तो माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे १९२५ मध्ये 'फारसी-मराठी कोश' सिद्ध करणाऱ्या माधव जूलियन यांनी.