सहाणेवरचे वेढे: बाळगुटीची कुळकथा

बाळगुटी हे काही एकच ठरलेले औषध नव्हे. दहा-वीस काष्ठौषधी सहाणेवर उगाळून तान्ह्या बाळाला चाटवायच्या, ही झाली गुटी. तिच्यातली यादी घरागणिक बदलते. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, सुंठ, हळकुंड, पिंपळी, नागरमोथा, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, आसंध, वावडिंग, सागरगोटा, डिकेमाली, खारीक, बदाम ही नावे नाशिक भागातल्या गुटीच्या डब्यांत थोड्याफार फरकाने सापडतात. कोणाकडे केशराची काडी असते, कोणी सोन्याचे वळे उगाळते. बागलाण-मालेगावच्या बाजूला, जिथे बोली अहिराणीकडे झुकते, तिथे हिलाच घुटी म्हणतात.

यादी बदलली तरी कृती बदलत नाही. न्हाऊमाखू घातलेल्या बाळाला शेक-धुरी झाली की सहाण धुऊन घ्यायची, तिच्यावर उकळून गार केलेल्या पाण्याचे किंवा आईच्या दुधाचे चार थेंब टाकायचे आणि एकेक काष्ठ हातात धरून गोल फिरवायचे. एक पूर्ण फेरा म्हणजे एक वेढा. हिरड्याचे दोन वेढे, वेखंडाचा एकच, बदाम-खारकेचे पाच-सहा, अशी प्रत्येक द्रव्याची गणती वेगळी. शेवटी सहाणेवर जमलेले गंध बोटाने निपटून चांदीच्या बोंडल्यात किंवा वाटीत घ्यायचे आणि दुधात कालवून पाजायचे. सगळा ऐवज अर्ध्या चमच्याच्या आत बसतो.

या पद्धतीतली खरी हुशारी वेढ्यात आहे. गुंजेच्या अंशात तोलता येणार नाही इतकी थोडी मात्रा ज्या घरात तराजू नाही तिथे मोजायची कशी, या अडचणीवर शोधलेला तो उपाय आहे. हिरडा, मायफळ, सुंठ ही कठीण द्रव्ये एका फेऱ्यात जेमतेम रंग सोडतात. जोर लावला तरी फार काही निघत नाही. बाळाला खडा झाला तर हिरड्याचा वेढा वाढवायचा, पातळ होत असेल तर हिरडा गाळून जायफळ-मायफळ आणि मुरुडशेंग वाढवायची, सर्दीला वेखंड-पिंपळी, जंतांना वावडिंग-डिकेमाली. म्हणजे रोजची गुटी रोज नव्याने ठरते, आणि ती ठरवणारी बाई आधी बाळाची शी पाहते. चूर्ण, गोळी किंवा काढा यांत ही सोय नाही. म्हणून गुटीची कुळकथा शोधायची तर द्रव्यांपेक्षा सहाणेचा माग काढणे अधिक फलदायी ठरते.

तो माग संस्कृत वैद्यकात बराच मागे जातो. जातकर्मात नवजाताला मध आणि तूप चाटवण्याचा विधी चरकसंहितेत आहे. सुश्रुताने त्यात सोन्याचे चूर्ण आणि वनस्पती घातलेले योग दिले. वाग्भटाच्या ग्रंथांत ब्राह्मी, शंखपुष्पी आणि वेखंड ही नावे येतात. उगाळण्याची कृती मात्र सर्वांत स्पष्टपणे भेटते ती काश्यपसंहितेत. बालरोगांना वाहिलेल्या या ग्रंथाच्या लेहाध्यायात, म्हणजे चाटणांच्या प्रकरणात, धुतलेल्या दगडावर पाण्यात सोने उगाळावे, पूर्वेकडे तोंड करावे, मध-तुपात ते कालवून बाळाला चाटवावे असे सांगितले आहे. महिनाभर दिले तर बाळ बुद्धिमान होते, सहा महिने दिले तर एकदा ऐकलेले लक्षात ठेवते, अशी फलश्रुतीही जोडली आहे. ही फलश्रुतीच आजच्या सुवर्णप्राशनाच्या जाहिरातींचे भांडवल झाली. मात्र त्याच अध्यायात कोणत्या बाळाला चाटण द्यावे आणि कोणाला देऊ नये, याचीही यादी आहे. आजारी, मंद पचनाच्या आणि झोपाळू बाळांना ते वर्ज्य होते. सरसकट सगळ्यांना आणि रोज, ही पुढची भर आहे.

मात्रेचा नियमही काश्यपसंहितेत आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वावडिंगाच्या दाण्याएवढे औषध द्यावे, महिन्या-महिन्याने ते वाढवत न्यावे आणि आवळ्याएवढे झाले की थांबावे. बाळाचा महिना सरला की गुटीत एक वेढा वाढवणाऱ्या घरांत याच विचाराचे दुसरे रूप दिसते. मात्र आजी-पणजींनी हे या ग्रंथातून उचलले असे समजायचे कारण नाही. काश्यपसंहिता शतकानुशतके जवळपास लुप्त होती. नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३८ साली बाहेर आली. सहाण तोवर घरोघरी फिरतच होती. ग्रंथ आणि घर यांच्यात देवाणघेवाण झाली ती मधल्या काळातल्या संग्रहग्रंथांमार्फत, वैद्यांमार्फत आणि सुइणींमार्फत. नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी यांचे मधातले चाटण, ज्याला वैद्य बालचातुर्भद्र म्हणतात, ते अकराव्या शतकातल्या चक्रदत्तापासून ग्रंथांत येत राहिले. या चारही वस्तू गुटीच्या डब्यात जशाच्या तशा बसलेल्या आहेत. फरक इतकाच की वैद्य त्यांचे चूर्ण करतो आणि घरात त्या उगाळतात.

डब्यातली बाकीची द्रव्ये वेगळ्या वाटांनी आली. सह्याद्रीने दिलेले वाण आधी घ्यावे. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, डिकेमाली आणि सागरगोटा ही इथल्या डोंगरांची पैदास. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांतल्या कोकणा, महादेव कोळी, वारली आणि ठाकर कुटुंबांना ती रानातच भेटते आणि आठवडी बाजारात ती त्यांच्याकडूनच येते. झाडाखाली गळून वाळलेला कोवळा हिरडा म्हणजे बाळहिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत त्याची वेचणी हे आदिवासी घरांचे रोख उत्पन्न आहे, आणि तो खरेदी करणाऱ्या, १९७२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय नाशकात आहे. बाळहिरड्यातला बहुतेक माल रंग, कातडी कमावणे आणि औषधी कारखाने यांच्याकडे जातो. गुटीला लागतो तो चिमूटभर.

मुरुडशेंगेची गोष्ट विशेष आहे. दोरीसारखा पीळ पडलेली ही शेंग पाहिली की पोटातल्या मुरड्याची आठवण होते, आणि तिचा उपयोगही मुरड्यावरच. जुन्या संस्कृत संहितांत तिला ठळक जागा नाही; रानातून सरळ घरात आलेली ती वस्तू दिसते. छापील ग्रंथांत तिचा पहिला मोठा मान दक्षिणेत झाला. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींवर तयार करवलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात ही वनस्पती इसोरा-मुरी या नावाने चित्रासह आली आणि त्यातला इसोरा हा शब्द लिनिअसने तिच्या शास्त्रीय नावात कायम केला. या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते, आणि त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे.

तिसरा वाटा दूरच्या व्यापाराचा, आणि तोच लोकांच्या सर्वांत कमी लक्षात राहतो. अतिविष आणि काकडशिंगी हिमालयातून येतात. जायफळाचे मूळ घर इंडोनेशियातली बांदा बेटे. ज्येष्ठमध, बदाम आणि मायफळ पश्चिम आशियातून, खारीक आखातातून. काकडशिंगी आणि मायफळ ही तर फळेही नाहीत आणि शिंगेही नाहीत. कीटकाच्या उपद्रवाने झाडावर जी गाठ फुगते, ती वाळवून विकली जाते. म्हणजे ज्या औषधाला ‘घरगुती’ म्हणायचे, त्यातला बराच माल बंदरांवर उतरून, थळ घाट चढून नाशकाच्या पेठेत पोचलेला असे. काष्ठौषधी, सुकामेवा आणि पूजेचे सामान एकाच दुकानात विकणारा व्यापारी हा गुटीच्या घडणीतला न सांगितलेला भागीदार होय. बोंडले आणि वळे सराफ बाजारातून येत. त्यामुळे गुटी खर्चाचीही होती. बदाम, केशर आणि सोन्यासकट वीस द्रव्यांची गुटी हे खात्यापित्या घराचे लक्षण होते. डोंगरातल्या घरात दोन-तीन रानद्रव्यांवरच काम भागे.

महाग झाले की बदली माल येतो, हे वैद्यकाला ठाऊकच होते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात अतिविष नसेल तर नागरमोथा घ्यावा असे सांगितले आहे. हिमालयातला अतिविष आज दुर्मिळ होत गेला असल्याने हा नियम पुन्हा कामाचा ठरला आहे. अतिविषाला शिशुभैषज्य हे नावच असले तरी तो बचनागाच्या कुळातला आहे. स्वतः तो विषारी नाही, पण भेसळीत त्याच्या जागी काय येईल याची हमी पेठेत कोणी देत नाही.

सहाणेवर उगाळण्याची रीत फक्त मराठी मुलखाची नाही. गुजरातेत तिला घसारो म्हणतात. केरळ-तमिळनाडूत उगाळलेले औषध या अर्थाचेच नाव आहे, आणि तिथे वेखंडाला मूल वाढवणारे अशी पदवी मिळालेली आहे. आंध्र-तेलंगणातही नवजाताच्या जिभेला वेखंड लावण्याची चाल आहे. उत्तरेकडे जनमघुट्टी असते, पण ती बहुधा उकळून गाळलेली. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या सीमेवर असून त्याने नाव उत्तरेशी जुळणारे घेतले आणि सहाण दक्षिणेची ठेवली.

या कुळात एक काळी शाखाही आहे. मुंबईच्या गिरण्यांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना झोपवून ठेवण्यासाठी अफू देत. अफूच्या तयार गोळ्या बाळागोळी या गोंडस नावाने विकल्या जात. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे मुलांना अफू देण्याच्या चालीबद्दल साक्षी झाल्या. १९२०च्या दशकात डॉ. बार्न्स यांनी गिरणीकामगार बायकांच्या पाहणीत हा प्रकार सर्रास असल्याचे नोंदले, आणि १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगानेही त्याची दखल घेतली. बाळागोळी आणि बाळगुटी एक नव्हेत. पण गुटीत जायफळाचे वेढे वाढवून बाळ झोपवणे हे त्याच गरजेचे सौम्य रूप आहे, आणि जायफळही अधिक झाले तर गुंगी आणते.

सहाण मागे पडायला सुरुवात झाली ती बाटलीमुळे. इंग्लंडात विल्यम वुडवर्डने १८५१ साली काढलेले ग्राइप वॉटर वसाहतींत पोचले. त्यात जे शेपेचे तेल होते त्याची वनस्पती म्हणजे आपली बाळंतशोपाच. त्यात मद्यार्कही असे, जो पुढे काढून टाकावा लागला. देशी उत्तरही लौकरच आले. गिरगावातल्या के. टी. डोंगरे कंपनीच्या बालामृताच्या जाहिराती मराठी नियतकालिकांत वर्षानुवर्षे झळकल्या. याच काळात वैद्यही संघटित होऊ लागले. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने वैद्यांचे पहिले संमेलन १९०७ साली नाशकात भरले आणि त्यातून अखिल भारतीय आयुर्वेद महामंडळाची वाटचाल सुरू झाली. देशी औषधे प्रमाणित आणि छापील सूत्रानुसार व्हावीत, या दिशेनेच पुढची शतकभराची चळवळ गेली. गुटीच्या बाबतीत तिचा परिणाम विचित्र झाला. चूर्ण आणि थेंब सुटसुटीत झाले, पण रोज बदलणारी मात्रा आणि बाळाकडे रोज पाहणारी नजर ही बाटलीत भरता आली नाही.

आजच्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर वर्ज्य, कारण त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंना तान्ह्याचे आतडे रोखू शकत नाही. हा धोका ओळखला गेला तो १९७० च्या दशकात, म्हणजे मध-तुपाच्या चाटणाचे ग्रंथ लिहिले गेल्यानंतर फारच उशिरा. वेखंडातल्या बीटा-ॲसरोनमुळे अमेरिकेने ते खाद्यपदार्थांत वापरण्यावर १९६८ साली बंदी घातली. ओलसर सहाण, दमट डब्यातली बुरशी धरलेली खारीक आणि न उकळलेले पाणी यांतून होणारे जुलाब हे तर गुटीचे जुने दुखणे, ज्याला गुटीनेच बरे करायचा प्रयत्न घरोघरी होई.

तरीही गुटी नाशकातून गेलेली नाही. दुकानांत द्रव्यांचे तयार संच मिळतात, त्यांतल्या कागदावर महिन्यांप्रमाणे वेढ्यांचा तक्ता छापलेला असतो. नाशकातल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आयुर्वेद महाविद्यालयांत कौमारभृत्य हा पदवीचा विषय आहे आणि त्यात लेहाध्याय शिकवला जातो. पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाची शिबिरे भरतात. तिथे सोने सहाणेवर उगाळत नाहीत, भस्माचे थेंब देतात. ज्या घरांत सहा महिन्यांनंतर गुटी सुरू करतात, तिथे तिचे काम आता वरच्या अन्नाशी जोडले गेले आहे: भाताच्या पेजेबरोबर बदाम-खारकेचे वेढे, आणि हिरडा-वेखंड क्वचितच.